चार निकष, सहा प्रश्न: पुनर्विकासाचा प्रस्ताव निवडताना भार कसे ठरवायचे

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीच्या बैठकीत एकदा सगळ्यांना कागद वाटले. वर चार निकष लिहिले होते: बिल्डरचा भरवसा, जादा जागा, भाडे आणि कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम), सोयीसुविधा. खाली एकच सूचना होती, शंभर गुण या चौघांत वाटा, म्हणजे प्रत्येक निकषाला किती भार द्यायचा ते कळेल. कागद परत आले तेव्हा बहुतेकांनी पंचवीस-पंचवीस किंवा तीस-तीस-वीस-वीस असे लिहिले होते. त्याच मंडळींशी जिन्यात उभे राहून बोललो की चित्र वेगळे दिसे. तळमजल्यावरच्या काकांना रात्री झोप लागत नव्हती ती एकाच भीतीने, की बिल्डरने काम अर्धवट टाकले तर या वयात जायचे कुठे? त्यांच्या कागदावर भरवशाला पंचवीस गुण होते.

काका खोटे बोलत नव्हते. शंभराचे चार वाटे करा म्हटले की माणूस हिशेबी होतो, कुणावर अन्याय नको म्हणून सारखे वाटतो. पण त्यांनाच विचारले, "भरवसा आणि सोयी यांतले एकच मिळणार असेल तर काय घ्याल?" तर उत्तर क्षणात येते. दोन गोष्टी समोर ठेवल्या की त्यांतली जड कोणती हे आपल्याला चटकन कळते, दहा गोष्टी एकदम तोलता येत नाहीत. भाजी बाजारात दोन जुड्या हातात धरून बघणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे.

दोन-दोन गोष्टींची तुलना करून त्यांतून मोजपट्टी तयार करायची कल्पना मानसशास्त्रात जुनी आहे. लुई थर्स्टन यांनी १९२७ साली तिला गणिती रूप दिले. निर्णय घेण्यासाठी आज जी पद्धत सर्वाधिक वापरात आहे ती थॉमस साटी यांची. १९२६ साली इराकमधल्या मोसुल शहरात जन्मलेले हे गणितज्ञ अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाच्या कामाशी जोडलेले होते, पुढे ते प्राध्यापक झाले. त्यांनी ही पद्धत सत्तरच्या दशकात मांडली आणि १९८० साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तिचे नाव अॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एएचपी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण चार निकषांचे गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होते. ते इथे पुनर्विकासाच्या उदाहरणावर करून दाखवतो. उदाहरणातले आकडे गणित समजावे म्हणून घेतलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या इमारतीतून येतील.

आधी अटी बाजूला काढा

निकषांच्या यादीत दोन जातींच्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बँक गॅरंटी द्यायला बिल्डर तयार आहे का, कागदपत्रे पूर्ण आहेत का, कुठे काळ्या यादीत नाव आहे का, या अटी आहेत. त्यांचे उत्तर हो किंवा नाही असते आणि नाही असेल तर प्रस्ताव तिथेच बाद. अशा अटीला भार देण्याची चूक फार महागात पडते, कारण मग बँक गॅरंटी न देणारा बिल्डर क्लब हाऊसच्या जोरावर गुण भरून काढू शकतो. म्हणून पहिल्या चाळणीत अटी लावा. तुलना फक्त चाळणीतून खाली उतरलेल्या प्रस्तावांची.

उरलेल्या निकषांची संख्या सातच्या आत ठेवा. चार निकषांना सहा जोड्या होतात, पाचांना दहा, सातांना एकवीस, दहांना पंचेचाळीस. संख्येला तिच्याहून एकने लहान संख्येने गुणून निम्मे केले की जोड्या मिळतात. पंचेचाळीस प्रश्नांना जीव लावून उत्तरे देणारा सभासद मला अजून भेटलेला नाही. निकष जास्त असतील तर गट करा. पार्किंग, लिफ्ट, जनरेटर, गच्चीचा वापर हे सगळे 'सोयी' या एका छत्राखाली जाते. हवी तर गटाच्या आतली तुलना वेगळी करा.

एकच गोष्ट दोन नावांनी यादीत आली आहे का, हेही तपासा. 'बिल्डरची आर्थिक ताकद' आणि 'काम वेळेत पूर्ण होण्याची शक्यता' असे दोन निकष धरले तर एकाच काळजीला दोनदा वजन मिळते.

प्रश्न कसा विचारायचा

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच घसरते. "जागा महत्त्वाची की भाडे?" हा प्रश्न अर्धवट आहे. किती जागा? किती भाडे? हातातल्या प्रस्तावांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात फरक किती, हे समोर असल्याशिवाय या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नाही. तिन्ही बिल्डर जवळपास सारखीच जादा जागा देत असतील तर जागा आयुष्यात कितीही मोलाची असो, या निवडीत तिचे वजन कमीच.

समजा सध्याचे घर ४५० चौरस फूट कार्पेटचे आहे. सगळ्यात कमी प्रस्ताव १८ टक्के जादा जागेचा, सगळ्यात चांगला ३२ टक्क्यांचा. म्हणजे ८१ आणि १४४ चौरस फूट. फरक ६३ चौरस फुटांचा, सात बाय नऊची एक खोली. भाड्यात एक टोक महिना २८,००० आणि दुसरे ३४,००० रुपये. छत्तीस महिने धरले तर फरक २,१६,००० रुपयांचा. आता प्रश्न असा विचारा: "कायमची सात बाय नऊची खोली आणि तीन वर्षांत मिळून दोन लाख सोळा हजार रुपये, यांतले तुमच्यासाठी जास्त मोलाचे काय, आणि कितीने?" तुमच्या भागातला चौरस फुटाचा दर ज्याला माहीत आहे त्याला उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

भरवशासारख्या निकषाला आकडा नसतो, म्हणून त्याची दोन टोके शब्दांत लिहून काढा. खालचे टोक: पुनर्विकासाचा एकच प्रकल्प पूर्ण, तोही ठरल्यापेक्षा दोन वर्षे उशिरा. वरचे टोक: असे पाच प्रकल्प वेळेत पूर्ण, सगळ्यांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले. महाराष्ट्रात रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा, कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. तेव्हापासून नोंदणी झालेल्या प्रकल्पाची ठरलेली तारीख महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते, त्यामुळे ही टोके ऐकीव माहितीवर ठरवायची गरज उरलेली नाही.

टोके सांगा, बिल्डरची नावे सांगू नका. कोणत्या बिल्डरची जागा जास्त आहे हे कळले की ज्याला तो बिल्डर हवा आहे तो जागेला सगळ्यात जास्त गुण देऊन मोकळा होतो. आमच्याकडे पहिल्या फेरीत नावांसकट तक्ता भिंतीवर लावला होता आणि ती सगळी फेरी रद्द करावी लागली.

उत्तर आकड्यात

साटी यांची पट्टी १ ते ९ ची आहे. १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ म्हणजे एक थोडे जड, ५ म्हणजे स्पष्टपणे जड, ७ म्हणजे फारच जड, ९ म्हणजे दुसऱ्याशी तुलनाच नको इतके. २, ४, ६, ८ मधल्या पायऱ्यांसाठी. उलट बाजूने वाचताना तोच आकडा अपूर्णांक होतो: जागा पैशाच्या (म्हणजे भाडे आणि कॉर्पस यांच्या) तिप्पट असेल तर पैसा जागेच्या १/३.

प्रत्येकाने एकट्याने, कागदावर उत्तरे द्यावीत. हात वर करून मत घेतले की पहिला हात ज्याचा, बाकीचे हात त्याच्या मागे जातात. सुरुवातीला नुसता क्रम लिहून घ्या, पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. पुढे पडताळ्याला तो उपयोगी पडतो. जोड्यांचा क्रम उलटसुलट ठेवा, नाहीतर डावीकडचा निकष सतत जिंकतो.

एका सभासदाची उत्तरे अशी आली असे धरू:

| | भरवसा | जागा | पैसा | सोयी |
|---|---|---|---|---|
| भरवसा | १ | ३ | ५ | ७ |
| जागा | १/३ | १ | १/३ | ५ |
| पैसा | १/५ | ३ | १ | ३ |
| सोयी | १/७ | १/५ | १/३ | १ |

कर्णावर सगळीकडे १, कारण कोणतीही गोष्ट स्वतःइतकीच जड. कर्णाच्या वरची सहा उत्तरे विचारून मिळाली, खालची सहा त्यांचीच उलटी. पुढे वाचण्याआधी या तक्त्यात काय खटकते ते शोधून पाहा.

भार काढणे

प्रत्येक ओळीतल्या आकड्यांचा गुणाकार करा आणि त्याचे चौथे मूळ घ्या. चार निकष असल्याचा फायदा इथे होतो: चौथे मूळ म्हणजे वर्गमुळाचे बटण दोनदा. पाच किंवा जास्त निकष असतील तर एक्सेलमध्ये जिओमीन हे सूत्र तेच काम करते. याला भूमितीय मध्य म्हणतात. साटी यांची मूळ रीत आयगेन सदिश नावाच्या जास्त अवघड गणिताची आहे, पण उत्तरे सुसंगत असली की दोन्ही रीतींची भाराची उत्तरे अगदी जवळ येतात, आणि तीन निकष असतील तर तंतोतंत एक.

भरवशाच्या ओळीचा गुणाकार १०५, चौथे मूळ ३.२०. जागेचा ०.५५६, मूळ ०.८६. पैशाचा १.८, मूळ १.१६. सोयींचा १/१०५, मूळ ०.३१. बेरीज साधारण ५.५४. प्रत्येक मुळाला बेरजेने भागले की भार मिळतात: भरवसा ०.५८, पैसा ०.२१, जागा ०.१६, सोयी ०.०६.

विसंगती तपासणे

पहिल्या ओळीत हा सभासद म्हणतो की भरवसा जागेच्या तिप्पट आणि पैशाच्या पाचपट. मग जागा पैशापेक्षा जड असली पाहिजे, साधारण पाच भागिले तीन, म्हणजे पावणेदोन पट. पण दुसऱ्या ओळीत तो म्हणतो पैसा जागेच्या तिप्पट. नुसते माप चुकलेले नाही, दिशाच उलटी झाली आहे.

चार निकषांत असे डोळ्यांना दिसते, सातांत दिसत नाही. म्हणून एक मोजमाप आहे. प्रत्येक स्तंभाची बेरीज घ्या, तिला त्या निकषाच्या भाराने गुणा, सगळे गुणाकार मिळवा. उत्तरे पूर्ण सुसंगत असतील तर उत्तर निकषांच्या संख्येइतके, म्हणजे इथे ४ येते. विसंगती जितकी जास्त तितके उत्तर ४ च्या वर चढते. इथे ते ४.३९ येते. त्यातून ४ वजा करा, निकषांच्या संख्येतून एक कमी करून जो ३ येतो त्याने भागा: ०.१३. आता हा आकडा जास्त की कमी? पडताळ्यासाठी साटी यांनी अंदाधुंद भरलेल्या तक्त्यांची सरासरी विसंगती काढून ठेवली आहे: तीन निकषांना ०.५८, चारांना ०.९०, पाचांना १.१२, सहांना १.२४, सातांना १.३२. आपल्या ०.१३ ला ०.९० ने भागले की ०.१४. हे सुसंगती गुणोत्तर. ०.१० च्या आत असेल तर चालते, वर गेले तर पुन्हा बोलायला हवे.

एक सावधगिरी: या गणितात भार किमान तीन दशांश स्थळांपर्यंत घ्या. दोनवर आणले की शेवटचा आकडा चांगलाच हलतो.

गुणोत्तर वर गेले की पुष्कळ जण आकडे दुरुस्त करत बसतात, गुणोत्तर खाली येईपर्यंत. काही सॉफ्टवेअर तर कोणता आकडा बदलावा तेही सुचवतात. कृपा करून तसे करू नका. तो आकडा माणसाने दिलेला आहे आणि त्यामागे काहीतरी कारण आहे. आमच्या एका सभासदाच्या तक्त्यात नेमकी हीच उलटापालट होती. मी त्यांच्याकडे जाऊन विचारले की पैसा जागेहून तिप्पट का म्हणालात? त्या म्हणाल्या, "अहो, भाडं बंद झालं तर आम्ही रस्त्यावर येऊ." त्यांच्या मनात भाडे किती हा प्रश्नच नव्हता, भाडे दर महिन्याला येत राहील का हा होता. आणि ते 'पैसा' या निकषात बसत नाही, ते 'भरवसा'त बसते. आमच्या कागदावरचा शब्दच दोन अर्थांचा होता. आम्ही व्याख्या नव्याने लिहिली: पैसा म्हणजे फक्त ठरलेली रक्कम, ती वेळेवर मिळेल की नाही ते भरवशात. मग जागा पैशाच्या तिप्पट, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

हे गुणोत्तर माणसाची चूक पकडण्यासाठी आहे असे मला कधी वाटले नाही. कागदावरच्या शब्दांत कुठे गोंधळ आहे ते ते दाखवते, आणि तो गोंधळ बहुतेक वेळा प्रश्न तयार करणाऱ्यांचा असतो.

नवा तक्ता: पहिली ओळ १, ३, ५, ७. दुसरी १/३, १, ३, ५. तिसरी १/५, १/३, १, ३. चौथी १/७, १/५, १/३, १. गुणाकार १०५, ५, ०.२, १/१०५. मुळे ३.२०१, १.४९५, ०.६६९, ०.३१२. भार: भरवसा ०.५६४, जागा ०.२६३, पैसा ०.११८, सोयी ०.०५५. स्तंभांच्या बेरजा १.६७६, ४.५३३, ९.३३३ आणि १६, त्यांतून ४.११९ येते आणि सुसंगती गुणोत्तर ०.०४. चालेल.

ते शून्यावर आणायचा हट्ट नको. भरवसा जागेच्या तिप्पट आणि जागा पैशाच्या तिप्पट म्हटले तर भरवसा पैशाच्या नऊपट व्हायला हवा, इथे पाच म्हटले आहे. तीन आणि पाच एकमेकांवर चढले तर पंधरा होतात, आणि पट्टी तर नऊवर संपते. थोडी विसंगती पट्टीतच आहे.

अनेकांची मते एकत्र करणे

इथे साधी सरासरी घेऊ नका. एक जण म्हणतो जागा पैशाच्या ५ पट, दुसरा म्हणतो १/५. सरासरी २.६, म्हणजे जागा जड. आता तोच प्रश्न उलटा विचारा, पैसा जागेच्या किती? उत्तरे १/५ आणि ५, सरासरी पुन्हा २.६, म्हणजे पैसा जड. दोन्ही एकदम खरे कसे असेल? भूमितीय मध्य घेतला तर ५ गुणिले १/५ बरोबर १, त्याचे मूळ १. दोघे समसमान, आणि तेच खरे. म्हणून प्रत्येक जोडीसाठी सगळ्यांच्या उत्तरांचा गुणाकार करून, जितकी माणसे तितके मूळ घ्यायचे. त्या एकत्रित तक्त्यावरून भार काढायचे.

मात्र हा १ बघून गाफील राहू नका. दहा जणांनी १ म्हटले तरी १ येतो आणि पाच विरुद्ध पाच अशी फूट असली तरी १ येतो. दुसऱ्या प्रकारात गणित थांबवून बोलायला बसावे लागते. एक खोलीत राहणारे मोठे कुटुंब आणि फ्लॅट भाड्याने देऊन परगावी राहणारा सभासद यांची उत्तरे वेगळी येणारच, आणि ती दोन्ही योग्य आहेत.

गुण देऊन पाहणे

प्रत्येक निकषात खालच्या टोकाला ०, वरच्या टोकाला १००, बाकीचे त्यांच्यामध्ये. प्रश्नही याच टोकांवर विचारले होते, त्यामुळे भार आणि गुण एकाच मापात राहतात. समजा चाळणीतून तीन प्रस्ताव उतरले:

| | भरवसा | जागा | पैसा | सोयी |
|---|---|---|---|---|
| अ | १०० | ० | ४० | ५० |
| ब | ० | १०० | १०० | १०० |
| क | ६० | ६० | ० | ० |

गुणांना भाराने गुणून बेरीज केली की अ ला ६४, क ला ५०, ब ला ४४.

आता या निकालाला हलवून बघा. भरवशाची तिन्ही उत्तरे थोडी खाली आणली, ३ च्या जागी २, ५ च्या जागी ३, ७ च्या जागी ५, तर भार ०.४६, ०.३२, ०.१५, ०.०७ होतात आणि निकाल अ ५५, ब ५४. भरवशाचा भार ०.४५ च्या खाली गेला की साधारणपणे ब पुढे जातो. सर्वसाधारण सभेत ६४ विरुद्ध ४४ एवढेच सांगणे सभासदांवर अन्याय करणारे आहे. हा ५५ विरुद्ध ५४ चा निकालही वाचून दाखवा. मग ज्यांना ब हवा आहे त्यांनाही कळते की मतभेद नेमका कशावर आहे: बिल्डरच्या भरवशाला निम्म्याच्या आसपास वजन द्यायचे की नाही.

हे आकडे मतदानाची जागा घेत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बिल्डरची निवड सभासदांनी विशेष सर्वसाधारण सभेत करायची असते. तक्ते, टोकांच्या व्याख्या आणि सभासदांची नावे न लिहिता एकत्र केलेली उत्तरे सभेच्या सूचनेसोबत जोडावीत, म्हणजे लोक घरी बसून वाचून येतात.

आणि भार सभेच्या आधी इतिवृत्तात नोंदवून बंद करा. त्यानंतर समितीने प्रत्येक बिल्डरच्या जुन्या इमारतींना भेट द्यावी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या रहिवाशांना विचारावे की भाड्याचे धनादेश किती वेळा उशिरा आले. त्या फेरीनंतर क चे भरवशाचे गुण ६० चे ७५ झाले तर तक्त्यात ते बदलावेत. एखाद्या निकषाचे टोकच बदलले, उदाहरणार्थ बिल्डरने वाटाघाटीत जादा जागा ३२ वरून ३८ टक्क्यांवर नेली, तर त्या निकषाच्या तीन जोड्या सगळ्यांना पुन्हा विचाराव्या लागतात. बाकीच्या तीन जोड्यांना हात लावायचा नाही.